विलायती खत

त्रेपन्न सालच्या आषाढात गोंदियाहून आणलेलं अमेरिकेचं खत विधवा फुलवंताच्या बांधीवर, धानाच्या शेतावर पोहोचलं, तेव्हा गाव जमलं. ग्रामसेवक ते फुकट देत होता, पण जमीन जळेल या भीतीनं कोणी घेतलं नव्हतं. “कायले जमीन जाळून राहिल्या, वहिनी?” दीर नत्थूलाल ओरडला. “भाऊ गेला, आता बांधी मले कसू द्या.” “पीक गेलं तर बांधी तुमची,” ती म्हणाली. “आलं तर पुन्हा मांगू नोका.” रोवणीला, धानाची रोपं लावायला आलेल्या बाया खताच्या भीतीनं मागं सरल्या. फुलवंतानं लुगडं खोचलं, चिखलात उतरून मुठीनं खत फेकलं. “जळन तं माही जमीन जळन. तुम्ही या!” एकेक बाई उतरली. दिवाळीनंतर लोंब्या भारानं वाकल्या. नत्थूलाल विळा घेऊन आला. “कापाले हात कमी पडून राहिले असतीन,” तो पुटपुटला. “या,” म्हणत फुलवंतानं आपल्या शेजारची कापायची पात दाखवली.