माझी मीच!

खंडाळ्याच्या दऱ्यांत दोरावर उतरून अडकलेल्यांना वर आणणारा शिदू हातात इंजेक्शन धरून घामाघूम बसला होता. अंगातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व घटल्यानं पाय बधिर पडले आणि दरीत उतरणं बंद झालं. नर्सबाईंनी घरीच टोचायला शिकवलं होतं, पण मागच्या खेपेला मांडी ताठ धरून भीतभीत सुई खुपसल्यानं तो दिवसभर लंगडला. “आज नगं,” तो पुटपुटला. बायको म्हणाली, “दरीत घाबरलेल्याला काय सांगता? ‘अंग सैल सोड!’ मग तुमीबी सोडा की!” शिदूनं मांडीवरचं स्पिरिट वाळू दिलं, पाय सैल सोडला आणि सुई झटक्यात आत घातली. औषध सावकाश ढकललं. सुई बाहेर आली तरी तो दुखायची वाटच बघत होता. मग त्यानं आनंदानं आरोळीच ठोकली. शेजारची पुतळामावशी धावत आली. “काय झालं रं?” “मावशी, सुई टोचली! माझी मीच!”