पुढचा डावा कोपरा

डेपोत नवी बस आली तेव्हा शिकवायला आलेली मुलगी ड्रायव्हरला म्हणाली, “काका, पुढचा डावा कोपरा आता या पडद्यावर दिसतो.” त्याने मान डोलावली. जुन्या बसच्या त्याच कोपऱ्यात एकदा एक बाई पडलेली पिशवी उचलायला वाकली होती आणि त्याने बस काढली होती. ती वाचली नाही. चौकशीत त्याला निर्दोष ठरवलं, बायकोही म्हणायची, “दिसलीच नाही तर तुम्ही काय करणार?” त्या एका वाक्यावर त्याने दिवस ढकलले होते. नवी बस घेऊन तो निघाला. पहिल्याच थांब्यावर माणसं चढली, दार बंद झालं. पडद्यावर रस्ता मोकळा दिसत होता. त्याचा पाय ब्रेकवरून उठेना. मागून हॉर्न वाजू लागले. तो उतरला आणि वाकून चाकांपाशी पाहू लागला. कंडक्टर म्हणाला, “अहो, पडद्यावर कोणी नाहीये.” “तेव्हा आरशातही कोणी नव्हतं,” तो म्हणाला आणि वाकलेलाच राहिला.