ऐसपैस

उंदरीण पुन्हा पळाली. चार गुलाबी पिल्लं भुशातून वळवळत तिच्यापर्यंत पोचली, एकानं तिच्या पोटाला नाक लावलं, आणि ही बया चटका बसल्यासारखी उडाली ती थेट पिंजऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे बसून तिनं मिश्या साफ केल्या, जसं काही घडलंच नाही.

पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसलेल्या संशोधक बाईनं कपाळाला हात लावला. उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली.

प्रयोग तसा सरळ होता. व्यालेल्या उंदरिणीच्या अंगात हार्मोन्स उसळलेली असतात. पिल्लू दिसलं की ती धावते, त्यात तिचं कौतुक काही नाही. पण कधीच न व्यालेल्या मादीच्या अंगात यातलं काही नसतं. तरी परक्या पिल्लांसोबत ठेवली, की आधी ती पळते, मग वैतागते, आणि आठवडाभरात कधीतरी एक पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणते. दूध तिला येत नाही, म्हणून रोज सकाळी पोट भरलेली पिल्लं नव्यानं आणून ठेवायची, एवढंच. बाकीच्या पिंजऱ्यांतल्या माद्या केव्हाच आया होऊन बसल्या होत्या. ही एकटी हटून होती.

बाईला तिचा राग यायला हवा होता. येत नव्हता.

फोन थरथरला. भाऊ होता. ‘‘रविवारी येतो मग पोरीला न्यायला. नक्की ना? आयत्या वेळी नाही म्हणू नकोस.’’

‘‘संध्याकाळी सांगते,’’ असं म्हणून तिनं फोन ठेवला. बोलावलं तिनंच होतं. बहीण गेली आणि भाची तिच्या घरी आली, तेव्हा सगळ्यांनी एकसुरात सांगितलं होतं, ‘‘मावशीच तू. माया आपोआप येईल.’’ आपोआप काहीही आलं नाही. पोरीच्या केसांवरून फिरवायला हात पुढे व्हायचा आणि वाटेतच काहीतरी दुसरं काम काढायचा. याची तिला इतकी लाज वाटायची, की ती पोरीशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलायची. मामाकडे दोन मुलं होती, गोंधळ होता, मामी प्रेमळ होती. पोरगी तिथेच बरी. आणि तरी ‘नक्की’ हा एक शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता.

‘‘या बाईसाहेबांना हा महाल कोणी दिला?’’ मागून विभागप्रमुख मॅडमचा आवाज आला.

‘‘मी दिला, मॅडम. ही इतरांपेक्षा जास्त घाबरत होती. म्हटलं, बिचारीला थोडी मोकळी जागा...’’

‘‘अगं, मग ती मोकळीच राहणार! घाबरते म्हणून तर लहान पिंजरा हवा. पळायला कोपरे उरले नाहीत, की मग कुठे ती पिल्लांकडे बघायला लागते. तू दया करायला गेलीस आणि तिचं काम अवघड करून ठेवलंस.’’

‘‘मग आता?’’

‘‘आता काय? लहानात हलव आणि पहिल्यापासून सुरू कर.’’ मॅडम पुढच्या पिंजऱ्याकडे वळल्यासुद्धा.

तिनं उंदरिणीला लहान पिंजऱ्यात सोडलं. उंदरीण गोल फिरली, जाळीवर चढली, खाली पडली. जिकडे जावं तिकडे पिल्लू. शेवटी तिनं पुढच्या पायांनी भुसा लोटून एका पिल्लाला झाकून टाकलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवून बसली. पिल्लू भुशातून वर आलं.

बाईनं पर्स उचलली आणि घरी निघाली. वाटेत दोनदा सिग्नल सुटला तरी तिचं लक्ष नव्हतं. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला.

घर शांत होतं. पोरीच्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं. घरातली सगळ्यात चांगली खोली तिनं पोरीला दिली होती. दोन खिडक्या, मोठा पलंग, स्वतंत्र कपाट. स्वतः पुस्तकांच्या अडचणीत एक अरुंद कॉट टाकून झोपायची. केवढं मोठं मन, असं शेजारपाजारचे म्हणाले होते. तिलाही ते पटलं होतं.

तिनं दार ढकललं. आज टकटक केली नाही. पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती. मावशीनं तिची उशी उचलली, पांघरूण काखेत मारलं आणि बाहेर पडली.

पोरगी चटकन उठली. कपाटातून बॅग ओढून दारात आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. ‘‘मामा आज आला?’’

‘‘नाही. त्याला आत्ताच खालून फोन करून सांगितलं, एवढ्यात येऊ नकोस म्हणून.’’

‘‘मग माझी उशी?’’

मावशीनं उशी आपल्या कॉटवर टाकली. पुस्तकांचे दोन गठ्ठे पायानं सरकवले. बोलताना तिचा आवाज भलताच रागावल्यासारखा आला.

‘‘त्या खोलीत फार जागा आहे.’’

पोरगी बॅग घेऊनच आत आली आणि कॉटच्या पार टोकाला अंग चोरून बसली. मावशी दुसऱ्या टोकाला सरकली, भिंत लागेपर्यंत. तरी दोघींचे गुडघे एकमेकींना लागलेच.