जरा कमी बोला

शाळेतल्या बाई कामिनीच्या पोरांचं वऱ्हाडी 'मले-तुले' ऐकून बाकीच्यांना वर्गासमोर त्यांच्या नकला करायला लावायच्या. म्हणून कामिनीनं तिन्ही पोरांना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं होतं. वाचन-लेखनाचे दोन प्रोग्राम तिनं पाहून सोडून दिले. तिसऱ्याचा डेमो द्यायला कंपनीच्या नागपुरातल्या सीताबर्डीच्या ऑफिसातून पंकज सर घरी आले.

कामिनीच्या लेकीनं, वैभवीनं, टॅबवर लिहिलं, 'आईनं मले पोहे देल्ले.' अख्खी ओळ लालेलाल झाली. वैभवीनं ती दोन्ही हातांनी झाकून टाकली.

सर गोड हसले. "प्रोग्राम उत्तम आहे, मॅडम. फक्त मुलांसमोर तुम्ही जरा कमी बोला. चुका तुमच्याकडूनच येतात."

"म्हणजे आईनं तोंड शिवून बसाचं? मंग मी घरी काहून शिकवून राहिली?" कामिनीला त्या गोड हसण्याची शिसारी आली. तिनं टॅब उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात टेबलावरचा सरांचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं 'माय'. सर घाईघाईत तो बंद करायला गेले, तर बोट भलतीकडंच पडलं आणि स्पीकर सुरू झाला.

"पंकज, जेवला काय गा बाबू? मले सकाळपासून करमूनच नाही राहिलं..."

सरांनी फोन कापला. पोरं त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.



"सॉरी मॅडम, राँग नंबर होता."