अक्षरं कुणाची?

साखरपुड्याचा गोल पाव दोन्ही बापांनी दोन बाजूंनी धरून मोडला, की सोयरीक पक्की. पण ओह्रिडच्या त्या अंगणात पाव तसाच राहिला. हजार वर्षांपूर्वी पोथ्या लिहून दोन्ही देशांना त्यांची अक्षरं देणारे साधू कुणाचे, यावरून मुलीचा बाप ब्लाझे आणि सीमेपलीकडच्या सोफियाहून आलेला मुलाचा बाप रंगेल हे दोघं हमरीतुमरीवर आले.

“साधू आमचे, अक्षरं आमची!” ब्लाझे गरजला.

“तुमची? अहो, तुमचा देशच मुळी कालचा!”

दोघंही तणतणत अंगणाच्या दोन टोकांना गेले आणि आपापल्या लोकांना जागं करायला मोबाइलवर लिहीत सुटले. नवरी नेवेना रडायला लागली. तशी तिची बोसिल्का आजी उठली.

“ब्लाझे, आण रे तो मोबाइल इकडे. व्याही, तुमचाही द्या. बघू तरी काय दिवे लावलेत!”

आजी चौथी शिकलेली. तिला तेवढी साधूंचीच अक्षरं येत. तिने चष्मा चढवला, पुसला, पुन्हा चढवला. दोन्ही मोबाइलवरचा एकही शब्द तिला वाचता येईना.

 

“नेवेना, डोळे पूस आणि पाव आण. अगदी शोभतात एकमेकांना! दोघांनीही इंग्रजी अक्षरांत लिहिलंय.”