गिरधरचं इंग्रजी

“हलू नका, बाबा,” हेमलता म्हणाली आणि गिरधरच्या मिशीचं उरलेलं टोक तिनं कात्रीनं सरळ केलं.

गिरधर खुर्चीवर बसला होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी धुळ्याची मंडळी येणार होती. त्याची मोठी बहीण सुनिताअक्का हिनंच हे जुळवून आणलं होतं. मंडळी पाहायला येताहेत, घर आवरून ठेव, एवढंच ती फोनवर म्हणाली. लग्नाच्या वयाची पोर घरात असताना बापाला आणखी काय सांगायचं असतं? गिरधरनं रावेरहून पेढे आणले, फरशी स्वतः पुसून काढली. मग कुठूनसं कळलं, की येणाऱ्या मंडळींतल्या कामिनीताई कॉलेजात इंग्रजी शिकवतात. तेव्हापासून तो धास्तावला होता.

आजवर स्थळाचं नाव काढलं की हेमलता ‘इतक्यात नाही’ म्हणून मोकळी व्हायची. या वेळी मात्र ती स्वतःच घरभर नाचत होती. असं स्थळ बापाच्या अडाणीपणापायी हातचं जाऊ नये, एवढंच गिरधरला वाटत होतं.

“त्यांनी इंग्रजीत काही विचारलं तं?” त्यानं विचारलं.

“सेट म्हणायचं. तुमचं दिवसभर त्याच्यावरच तर चालतं.”

तिनं त्याला नवा आकाशी शर्ट घालायला लावला. माझ्या शर्टाकडे कोण बघतं, असं तो कुरकुरला. ती स्वतः रोजच्याच ड्रेसमध्ये होती, आणि हाताला पीठ. या पोरीला कधी अक्कल येणार, असं त्याला वाटून गेलं.

पाहुणे दोघंच आले. कामिनीताई आणि त्यांचे थोरले भाऊ जीवरामनाना. सोबत अक्का. गिरधरनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. मुलगा नव्हता.

“घाई काय आहे तुले?” अक्का हळूच म्हणाली. “आधी मोठ्यांचं बोलणं होऊ दे.”

हेमलतानं चहा-पोहे ठेवले आणि ती आत पळाली. तिला कुणी बसवून घेतलं नाही, काही विचारलंही नाही. शिकलेली माणसं आहेत, पोरीला समोर बसवून तपासत नाहीत, हे गिरधरला फार आवडलं.

तपासलं त्याला. नानांनी मळा विचारला, मग तब्येत विचारली. बीपी आहे का, तंबाखू खाता का, स्वयंपाक कोण करतं? बापाची एवढी चौकशी करणारी माणसं आपल्या पोरीला फुलासारखी जपतील, असं मनात म्हणत गिरधर उत्तरं देत राहिला. भाकरी येते, तंबाखू सोडली, बीपी नाही. स्वयंपाकघर पाहू का, म्हणून कामिनीताई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं हेमलताशी हसत बाहेर आल्या. गिरधरचं अर्धं टेन्शन तिथंच उतरलं.

उरलेलं त्यानं स्वतःच बोलून टाकलं.

“ताई, मले इंग्रजीतला एकच शब्द येतो. सेट.”

कामिनीताईंनी कप खाली ठेवला. “पुष्कळ झाला की. कुठं कुठं वापरता?”

मग गिरधर सुटलाच. मळ्यात ठिबकचा सेट. केळीचं नवं रोप मुळं धरतं तेव्हा ते सेट झालं. व्यापाऱ्यानं भाव ठरवला की सेट, मातीच्या गाडग्यात दही लागलं की सेट, अक्काच्या पोराला नोकरी मिळाली तेव्हा तोही सेट. आहेरात आलेला कपबशांचा सेट, तो हा समोरचाच. नाना मांडीवर थाप मारून हसत होते. कामिनीताईंनी त्यात भर घातली. मोडलेलं हाड बसवतात तेही सेट आणि सूर्य मावळतो तोही सेट. डिक्शनरीत या शब्दाला पानंच्या पानं लागतात, असं त्या म्हणाल्या.

गिरधरनं पुढं वाकून विचारलं.

“बुडणं अन् बसणं, दोन्हीले एकच शब्द?”

“हो.”

“बरोबर आहे मग,” तो म्हणाला. “हिची आई गेली तव्हा ही शाळेत होती. मले वेणी घालता येत नव्हती. रोज वाकडी व्हायची, पोरी हिले हसायच्या. मी सुतळीवर शिकलो. मग झालं सेट. आता ही सासरी गेली का घर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागीन. पण ते माझं मी पाहून घेईन. तुम्ही त्याच्यासाठी अडू नका.”

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जास्तच झालं. पाहुण्यांसमोर रडगाणं गायलं आपण. कामिनीताई खाली बघत होत्या. अक्कानं पदर डोळ्याला लावला होता. आतल्या दारात हेमलता येऊन उभी होती आणि मोठ्या माणसांच्या बैठकीत शोभणार नाही इतकी मोकळी हसत होती.

नानांनी पेढा तोंडात टाकला आणि ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “मळा मस्त शे, घर बी मस्त शे. माले तं बठ्ठं आवडनं. तुनं काय म्हननं शे, कामिनी?”

गिरधर खुर्चीच्या कडेवर सरकला. पोरीच्या आयुष्याचा निकाल लागत होता.

कामिनीताईंनी मान वर केली. हेमलताकडे पाहून त्या हसल्या. मग थेट गिरधरकडे, त्याच्या आकाशी शर्टाकडे, नीट कापलेल्या मिशीकडे त्यांनी पाहिलं आणि चांगल्याच लाजल्या.

“नाना,” त्या म्हणाल्या, “मला मुलगा पसंत आहे.”