लॅमिनेट केलेला दाखला

रामाजींनी लकडगंजचं दुकान मुलीला, मयुराला, बक्षीसपत्र करून देऊन टाकलं, तेव्हा त्यांच्या मुलाच्या, दुर्गेशच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं धंतोलीतल्या एका डॉक्टरकडून दाखला मिळवला, की बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, आपण कशावर सही करतो हे त्यांना कळत नाही. कोर्टानं दाखला मानला. बक्षीसपत्र रद्दबातल झालं आणि दुर्गेशनं गल्लीभर पेढे वाटले.

पण एवढ्यावर थांबेल तो दुर्गेश कसला! बहिणीनं गोड बोलून बाबांना पुन्हा सही करायला लावू नये, म्हणून त्यानं तो दाखला लॅमिनेट करून त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवला.

"बाबा, कोणीबी सही मांगली तं पहिले हे दाखवजा. समजलं न?"

"समजलं गा," रामाजी म्हणाले.

दोन महिन्यांनी दुर्गेश स्वतःच त्यांना हाताला धरून रजिस्ट्री ऑफिसात घेऊन आला. दुकान आता त्याच्या नावावर व्हायचं होतं. कागद तयार होते, साक्षीदार तयार होते. वाटेत बाबांनी न मागताच त्यानं त्यांना तर्री-पोहेसुद्धा खाऊ घातले होते.

"काका, राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत सही करताय ना?" रजिस्ट्रार साहेबांनी विचारलं.

रामाजींनी हातातला पेन खाली ठेवला आणि बंडीच्या खिशात हात घातला.

"थांबा साहेब, पहिले हे पाहून घ्या. पोरानं बजावलं हाये, कोणीबी सही मांगली तं दाखवाचं."